सोपानकाकांना केलेला फोन

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट चांगल्या धडधाकट माणसांची बोबडी वळवणं हा माझाच जुना उद्योग! मी नकला करतो ना... तरीही हे घडलं. भर दुपारी, ट्रकांच्या गर्दीत.

चाकणच्या पुढे माळावर आमची अकरा घरांची वस्ती होती. पणजोबांच्या पिढीनं कुसळं उपटून, विहीर खोदून उभी केलेली. एके काळी शाळा होती, भजनी मंडळ होतं. मग कंपन्या आल्या आणि एकेक घर पिंपरी-भोसरीकडे सरकलं. शेवटी उरले सोपानकाका. जमीन सामाईक, त्यामुळे त्यांच्या एका सहीवाचून सगळ्यांचा व्यवहार अडलेला. काकांचं एकच — "दत्ता रिटायर झाला की हितंच येनार हाय. मी न्हाई द्यायचो."

दत्ता त्यांचा मुलगा, दिघीला राहायचा. त्याचा आवाज मी असा काढायचो की त्याची बायकोसुद्धा फसायची! चाकणच्या बूथवरून मी काकांना फोन लावला. "दादा, दत्ता बोलतोय. सही करून टाका. आमाला न्हाई परत यायचं तिकडं."

"व्हय?" काका म्हणाले. मग एवढंच — "बरं."

दुसऱ्या दिवशी सही झाली. आम्ही पेढे वाटले. काका दिघीला गेले, मुलाजवळ त्या फोनचा चकार शब्द काढला नाही आणि वर्षभरात वारले.

गेल्या मे महिन्यात दत्ता रिटायर झाला. म्हणाला, "चल राव, वस्तीची जागा बघून येऊ." तिथं आता मोठं गोडाऊन आहे. पार्किंगमध्ये उभा राहून तो मला दाखवत होता — इथं ओटा, इथं गोठा... तेवढ्यात माझ्या मागून, अगदी कानाशी, काकांचा आवाज आला.

"दत्ता, तुला खरंच यायचं न्हवतं का रं?"

मी वळलो. मागे कुणी नव्हतं.

दत्तानं मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "हुबेहूब, भावा! अजून तसाच नकल्या हायस!" हसता हसता त्याचे डोळे भरले. माझे दोन्ही खांदे धरून, वडिलांना सांगावं तसं तो मला म्हणाला, "यायचं व्हतं की, दादा. हितंच यायचं व्हतं."

आणि मी? मी दाद घेतली. "जमलं ना?" म्हणालो.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. घरच्या कुठल्याही कार्यक्रमात तो हट्ट धरतो, "दादांचा आवाज काढ रं." मी घसा बसल्याचं सांगतो. त्या दुपारी कोण बोललं, मला आजही माहीत नाही. सोपानकाकांची नक्कल मला जन्मात कधी जमलेली नाही.