धुतलेलं गळू
घोड्यांच्या गळवांतला पू काचेच्या बशीत वाढवायचा आणि त्यात कुठला जंतू आहे ते सांगायचं, हे ताईचं पोटापाण्याचं काम. घरात तिचं नावच पूताई पडलं होतं. जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची आणि धाकटा भाऊ न चुकता विचारायचा, "हात धुतलेस का गं?" आता प्रयोगशाळेत उठताबसता हात धुणाऱ्या बाईला हे विचारायचं म्हणजे काय! ताई मग मुद्दाम त्याच्या ताटातला घास उचलायची. एकाने लग्नाआधी ही नोकरी सोड म्हणून अट घातली, तर तिने त्यालाच सोडला. रडली नाही, उलट बरी ब्याद टळली म्हणाली.

भावाची घोडेस्वारीची शाळा होती. तिथली तांबडी म्हणजे सगळ्यांत शहाणी घोडी, घाबरट पोरांना हिच्याच पाठीवर बसवायचे. तिच्या छातीला मोठी सूज आली, बारीक तोंड पडून वाहू लागली. औषधं झाली. पू दोनदा ताईच्या प्रयोगशाळेत गेला, दोन्ही वेळा उत्तर एकच: जंतू वाढला नाही. घोडी वाळत चालली, पुढचा पाय टेकवेना.

"जंतू नाही म्हणजे कॅन्सर आहे, ताई," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "उद्या डॉक्टर येतोय. शेवटचं इंजेक्शन."

"वाढला नाही म्हणजे नाहीच, असं कुणी सांगितलं तुला?"

सकाळी ती डॉक्टरच्या आधी तबेल्यात हजर. पाहते तर म्हातारा मोतद्दार पिचकारीने जंतुनाशक थेट गळवाच्या तोंडात मारतोय.

"काका, हे काय चाललंय?"

"डॉक्टरसाहेब येणार ना! दर वेळी धुऊन लख्ख करून ठेवतो. घाण दाखवायची का त्यांना?"

पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसं काका गळू झाडत होते! ताईने कपाळावर हात मारला. जंतू मारून मग त्याला शोधायला पाठवलं, तर सापडणार कुठून? पण म्हाताऱ्यावर ओरडवेना. बिचाऱ्याने मायेनेच केलं होतं.

डॉक्टर इंजेक्शनची पेटी घेऊन आला तेव्हा ती दारात आडवी उभी होती. "आधी लांब सुई घ्या. या भोकातून नको, वरून, खोल. आतला पू मला हवाय."

"आणि तोवर तिला तडफडत ठेवायचं?" भाऊ ओरडला. "तुझ्या हट्टापायी?"

हे मात्र तिला लागलं. खरंच कॅन्सर निघाला तर हे हाल आपल्याच माथी, हे तिला कळत होतं. "वेदनेचं औषध द्या तिला," ती डॉक्टरला म्हणाली. "पण मारायचं असेल तर आधी मला ओलांडून जा."

डॉक्टरने सुई घातली. घट्ट, पिवळसर पू आला.

दुसऱ्या दिवशी बशी कोरी. भाऊ फोनवर फक्त म्हणाला, "झालं समाधान?"

"हा आळशी जंतू असतो. उद्या उठेल," ताईने ठणकावलं आणि फोन ठेवल्यावर बशी पुन्हा उजेडात धरून पाहिली.

तिसऱ्या दिवशी बशीत पांढुरके, कोरडे ठिपके होते. तारेने ढकलले तर अख्खेच्या अख्खे सरकले. हीच याची खोड! माश्यांच्या पायांवरून बारीक जखमेत शिरतो, छातीत खोल घर करतो आणि जाड कवचाआड बसतो, म्हणून नुसत्या औषधाला दाद देत नाही. ताई एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतले धावत आले.

डॉक्टरने सूज खोल कापली. तांबडीचं डोकं धरून उभ्या असलेल्या भावाच्या शर्टावर पुवाची चिळकांडी उडाली. तो हलला नाही. संध्याकाळी घोडीने पाय टेकला आणि बादलीतल्या चंदीत तोंड घातलं.

रात्री भाऊ जेवायला आला तो तसाच, त्याच शर्टात. ताईशेजारची खुर्ची ओढून बसला. तिच्या ताटातला घास उचलायला त्याने हात पुढे केला.

ताईने फटकन त्या हातावर चापट मारली.

"हात धुतलेस का रे?"