जपानी नको, देशीच आण!

माझे यजमान गेले कित्येक महिने मासेमारी करताहेत, आणि अजून त्यांनी गळ विकत घेतलेला नाही.

कारण अगदी साधं. गळ जपानी घ्यावा की देशी, हेच ठरत नाहीये!

रत्नागिरीहून आम्ही दोघं चेन्नईला मुलाकडे राहायला आलो. मुलगा ओरगडमच्या कारखान्यात, कंपनीच्या बसनं उजाडायच्या आत पळतो. सूनबाई बँकेत. घर तिरुवल्लिकेणीत, माडीवर. खाली घरमालकीण मामी; त्यांना हिंदी येतं. समुद्र इथून चालत जाण्याइतका जवळ. तो बघितल्याबरोबर ह्यांच्या आतला कोकणी माणूस खडबडून जागा झाला. "निवृत्त माणसानं काय करावं? गळ टाकून बसावं!"

मला तर देवच पावला! कारण नोकरी संपल्यापासून हा माणूस दिवसभर माझ्या ओट्याला टेकून उभा. "मोहरी तडतडली नाही, तोच हिंग?" "कणीक सैल वाटते." "झाकण ठेव ना!" सगळ्या डब्यांना लेबलं चिकटवली, आणि मग मिठाच्या डब्यात साखर भरली. सकाळचे दोन तास हे घराबाहेर जावेत आणि माझं स्वयंपाकघर मला परत मिळावं, याहून जास्त मी देवाकडं काही मागत नव्हते. (मासे घरी आणायचे नाहीत, पकडून पुन्हा पाण्यात सोडायचे, असा मामींशी करारही झाला होता. मामींच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही!)

पण गळ घेतल्याशिवाय जाणार कसे? आणि घ्यायचा कुठला? मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ह्यांची विद्वत्ता ऊतू जायला लागली. तीही माझ्याच ओट्यापाशी!

"जपानी रॉड म्हणजे अगदी पिसासारखा हलका गं! रीळ असं फिरतं, आवाजसुद्धा नाही."

"मग घ्या जपानी."

"पण मोडला तर? पार्ट कुठून आणायचे? देशी दणकट असतो."

"मग घ्या देशी."

"पण तो जड! मनगट जातं."

मनगट कसं जातं हे दाखवायला ह्यांनी जळमटं काढायचा लांब झाडू घेतला आणि स्वयंपाकघरात फिरवला. चिंचेची बरणी गेली. मनगट शाबूत!

त्या दिवशी मी ठरवलं. आता निर्णय मी घेणार. आणि निर्णय देशी! इथले कोळी जे वापरतात ते ह्यांना पुरे. गुडघ्यांमुळे मला दुकानापर्यंत जाववत नाही, पण आमचा रिक्षावाला सेल्वम आहे ना! औषधापासून नारळापर्यंत सगळं फोनवर सांगितलं की आणून देतो.

सूनबाई तंजावरच्या मराठी घरातली. घरात जुनं मराठी, बाहेर तमिळ, आणि रागावली की इंग्रजी. ती बँकेत निघाली असताना मी विचारलं, "देशीला तमिळमधे काय म्हणतात गं?"

"नाट्टु, अम्मा. कशाला?"

"काही नाही, सहज."

(तेव्हाच सांगितलं असतं तर! पण मला सरप्राइज द्यायचं होतं ना.)

माझं तमिळ भाजीवालीनं शिकवलेलं. भाजी सोडून दुसरा विषय निघाला की मी मराठी शब्दालाच तमिळ चाल लावते. सेल्वमही माझ्याशी तमिळ-हिंदीची खिचडी बोलतो, आणि ह्यांना 'सर'ऐवजी 'सार' म्हणतो. फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "सेल्वम, जपान वेंडाम! नाट्टु कोळी!"

म्हणजे, जपानी नको, देशी कोळ्यांचा असतो तसला. ह्यांचा छंद साऱ्या तिरुवल्लिकेणीला ठाऊक झालाय, तेव्हा पुढचं सेल्वम समजून घेईल, असं मी धरून चालले.

पलीकडून सेल्वम दचकून म्हणाला, "नाट्टु कोळी? अम्मा, तुमच्या घरात?"

"सारांसाठी रे! सरप्राइज!"

"कट करून आणू, की फुल?"

दोन-तीन तुकडे एकमेकांत बसवायचे रॉड मिळतात, हे मी ह्यांच्या भाषणांतून शिकले होते. "फुलच आण! तुकडे नकोत. जोडताना सारांचा गोंधळ होतो."

"...जोडताना?"

"हो ना! आणि वजनाला हलकं बघ. सार रोज सकाळी हातात धरून समुद्रावर उभे राहणार आहेत."

"हातात धरून? समुद्रावर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मोकळ्या हवेत जा म्हणून."

सेल्वमनं सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "सरी, अम्मा." (म्हणजे बरं.)

"आणि नीट बांधून, पिशवीत घालून आण. मामींना दिसता कामा नये!"

"ते मला कळतं, अम्मा," तो फारच गंभीरपणे म्हणाला.

संध्याकाळी रिक्षा दारात थांबली. मामी खाली पायरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या. सेल्वम पिशवी छातीशी धरून त्यांच्या शेजारून सरकला, आणि पिशवीतून आवाज आला. कॉक्! कॉक्!

मामींची माळ थांबली. "हा कसला आवाज?"

मी वरून कठड्यावरून ओरडले, "रीळ आहे, मामी! देशी आहे ना, करकरतंय. तेल घातलं की गप्प बसेल!"

सेल्वमनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू डॉक्टरांची गरज सारांना नसून अम्मांना आहे.

ह्यांना मी खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा. हात पुढे करा." सेल्वमनं पिशवी उघडली आणि ह्यांच्या हातांवर एक तपकिरी, धष्टपुष्ट, अतिशय रागावलेली कोंबडी ठेवली!

ह्यांनी डोळे उघडले. कोंबडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "याला बेअरिंग कुठाय?"

तेवढ्यात तिच्या पायांची दोरी सुटली. आणि ती गेली कुठं? माझ्या स्वयंपाकघरात! डाळीच्या परातीतून ओट्यावर, ओट्यावरून इडलीच्या पिठाच्या पातेल्यात एक पाय, तिथून थेट फ्रिजच्या डोक्यावर. हे झाडू घेऊन मागे. "बाजूला हो! मनगट वळवायचं असतं!" मनगट वळलं, कॅलेंडर पडलं. सेल्वम दाराआड लपला, मी स्टुलावर चढले (त्या क्षणी गुडघे अगदी बरे झाले होते!), आणि दारात मामी.

"रीळ उडतं का?" मामींनी विचारलं.

मामींच्या मागोमाग बँकेतून आलेली सूनबाई. तिनं सगळं बघितलं, सेल्वमशी तमिळमधे दोन वाक्यं बोलली आणि तिथंच भिंतीला टेकून हसायला लागली. "अय्यो अम्मा! तमिळमधे कोळी म्हणजे कोंबडी! मासे पकडणारा तो मीनवर!"

"मीनवर?" सेल्वम दाराआडून बाहेर आला. "अम्मा, मीनवर तर आम्हीच! माझी आई समुद्राकाठच्या वस्तीत राहते. गळच हवा होता, तर तसं म्हणायचं ना!"

म्हणजे बघा, मी एका कोळ्यालाच फोन करून कोळी मागवला होता!

"दिवा लागायच्या आत बाहेर," मामी म्हणाल्या.

"कोण?" ह्यांनी घाबरून विचारलं.

"आजच्यापुरती कोंबडी."

मग ह्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मूठभर तांदूळ जमिनीवर टाकले आणि फ्रिजसमोर मांडी घालून बसले. हलणं नाही, बोलणं नाही! हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून एक अक्षर बोलत नाहीये, हे मी दाराच्या फटीतून डोळे भरून बघून घेतलं. कोंबडीनं मान वाकडी केली. खाली उतरली. एक दाणा, दुसरा दाणा... आणि ह्यांनी अलगद झडप घातली. "लागली! लागली!"

आता हाती लागलेली कोंबडी दुकानात परत द्यायला मन होईना. "माझी पहिली शिकार आहे," म्हणाले. शेवटी सेल्वमच्या आईकडं पाळायला ठेवली. आता रोज सकाळी चहा झाला की हे चपला घालून तिला बघायला निघतात. तिथं जाळी विणत बसलेल्या मंडळींना जपानी चांगलं की देशी यावर व्याख्यान देतात. ती मंडळी मराठीतलं ते सगळं मान हलवत ऐकतात, आणि चहा पाजतात. दुपारी जेवायच्या वेळेला स्वारी घरी!

स्वयंपाकघर आता पूर्ण माझं. परवा निवांत सांबार केलं आणि चाखून बघते तर मीठ दोनदा पडलेलं. मी सवयीनं कडाडले, "अहो, तुमच्या बडबडीनं झालं हे!" आणि मागे वळले, तर ओट्यापाशी कुणीच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बिघडलेल्या पदार्थाला मी एकटी जबाबदार निघण्याची ही पहिलीच वेळ! गपचूप फोन उचलला आणि म्हटलं, "अहो, उद्यापासून जरा लवकर येत जा. करमत नाही हो तुमच्याशिवाय."