चिखलावरची साय

काठीमामाला कुणी विचारावं, "मामा, आज चिखल कसा आहे?" की मामा सांगणार, "जिवंत आहे, जा बिनघोर." लोक हसायचे. हसू देत बापडे! खाडी ओलांडायला ओहोटीत चिखलातून अर्ध्या तासाची वाट होती, आणि त्या वाटेच्या दोन्ही कडांना खुणेच्या काठ्या रोवून ठेवायचं काम मामाचं. तीस वर्षं तो हेच करत आला.

या चिखलावर हिरवट-तपकिरी साय धरते. इतकी बुळबुळीत की नवखा माणूस पहिल्याच पावलाला सपशेल आडवा. उठून अंग पुसत म्हणतो, "काय ही घाण!" पण ती घाण नाही हो. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात त्यात. त्यांच्या अंगातून चिकट पाझर सुटतो आणि चिखलाचा कण न् कण धरून ठेवतो. साय आहे तोवर भरतीचं पाणी वरून येतं-जातं, खालचा चिखल हलत नाही. ती साय चरणाऱ्या गोगलगायी मामा एकेक वेचून लांब भिरकावायचा, वर चार शिव्याही द्यायचा. चिखलात नळ्या करून राहणाऱ्या किड्यांना मात्र तो जपायचा, कारण त्या नळ्याही चिखल धरून ठेवतात.

"माझ्यापेक्षा तुझ्या किड्यांचे लाड जास्त," भाची म्हणायची. लाड कशासाठी, हे मामानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

ही भाची म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण याच खाडीत गेली, तेव्हा पोर दोन वर्षांची होती. बाप त्याच्या दोनच महिने आधी गेलेला. मामानं तिला वाढवलं, वेण्या घालायला शिकला, आणि आता ती पलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. रोज ती याच वाटेनं कामाला जायची आणि ती पलीकडे पोचेपर्यंत मामा काठावरून हलायचा नाही.

ती पोचली की मग चिखल बोलायला लागायचा. किड्यांच्या बिळांतून हवा सुटते, टप् टप् वाजतं, हे मामाला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या आवाजात त्याला "दादा" अशी हाक ऐकू यायची. भर उन्हात, धडधडीत! अंगावर काटा यायचा. मग तो उगाच मोठ्यानं खोकायचा आणि घाईनं घरी निघायचा.

गेल्या आठवड्यात मामा सायीवर घसरला आणि कमरेनं अंथरुणाला खिळला. आज कुठे उठला, तर भाची म्हणाली, "चल, गंमत दाखवते." हात धरून तिनं त्याला काठावर आणलं. वाट कशी, लखलखीत! मधल्या दोनशे पावलांवर सायीचा पत्ता नाही, नुसता राखाडी चिखल.

"दोन दिवस सुट्टी होती ना, परवा सगळं खरवडून काढलं," ती हसत म्हणाली. "आता घसरून दाखव!"

परवा. म्हणजे चार भरत्या होऊन गेल्या होत्या.

"या वाटेनं जायचं नाही. पुलावरून जा."

"पुलावरून? दोन तासांचा वळसा! माझी ड्युटी सुरू होईल आता." तिनं चपला हातात घेतल्यासुद्धा. हट्टी पोर, शेवटी मामाचीच भाची. कारण सांगितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. आणि सांगितलं तर कायमची तुटेल. न सांगावं तर बुडेल. मामानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"तुझ्या आईला दिवस गेले होते. बाळंतपणाला येणार होती. ती घसरू नये म्हणून मी अशीच वाट खरवडली. मला तरी काय ठाऊक होतं! उघडा पडलेला चिखल पाण्यानं उचलून नेला, आणि त्या खड्ड्यात गाळाचा पातळ काला येऊन बसला. वरून वाट होती तशीच दिसायची. तुझी आई कमरेपर्यंत रुतली. मी धावत पोचलो, तर तिनं आधी तुला माझ्या हातात दिलं. तुला काठावर ठेवून मागे धावलो, तोवर पाणी चढलं होतं. लोक म्हणाले, खाडीनं खाल्ली. मी म्हणू दिलं."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं विचारलं, "आईला कळलं होतं? तू खरवडलंस ते?"

नाही म्हणता आलं असतं. वीस वर्षं तेच तर केलं होतं.

"कळलं होतं. खरवडलेल्या वाटेशी पोचताच ओरडली, 'दादा, किती छान वाट केलीस रे माझ्यासाठी!' आणि तुला कडेवर घेऊन पुढे निघाली."

भाचीनं मनगट सोडवून घेतलं. चपला पायात घातल्या आणि पुलाच्या रस्त्याला लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही तिनं. मामा ढसाढसा रडत होता, आणि ती पुलाकडेच चाललीय ना, हे पुन्हा पुन्हा बघून घेत होता.