काकूंनी निवडलेला वळू

काकूंची गायींवर पोटच्या पोरींसारखी माया. त्यांची लाडकी गाय दूध भरपूर द्यायची, पण कास इतकी लोंबायची की उठताना सड पायाखाली यायचे. कृत्रिम रेतनासाठी गुरांचे डॉक्टर आले, तेव्हा काका म्हणाले, "ज्याच्या लेकी सगळ्यात जास्त दूध देतात, त्याच वळूचं रेत द्या."

काकू अडून बसल्या. "दूध हिच्या रक्तातच आहे. लेकींना आटोपशीर कास देणारा वळू हवा."

काका दिवसभर फुगून होते.

पुढे त्या गायीची कालवड मोठी होऊन व्याली. कास घट्ट, नेटकी आणि दूध आईइतकंच. धार काढता काढता काका हळूच म्हणाले, "जावई बरा शोधलास गं!"

काकू गालातल्या गालात हसल्या.