दादाच्या पोर्चमधली गाडी

गाडी दादाच्या पोर्चमध्ये लावली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागच्या चाकांना विटा लावल्या. हँडब्रेक ओढून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली की ब्रेक आतल्या आत चिकटून बसतात, म्हणून विटा. टाकी काठोकाठ भरून आणली होती. चाकांत हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरली होती. वायपर काचेपासून उचलून ठेवले, नाहीतर त्यांचं रबर काचेला धरतं. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी बॉनेट उघडून आत तंबाखूच्या पुड्या बांधत होते.

"ताई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"उंदरांसाठी आहे, वहिनी."

"उंदरायले तंबाखू चारता?"

"वासानं जवळ येत नाहीत. वायरी वाचतात."

दादा झोपाळ्यावर पेपर वाचत होता. तो जन्मभर अमरावतीच्या कोर्टात वकिली करून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे मत मागेपर्यंत थांबायची त्याला सवय नाही. पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "गाडी हाय का बाळंतीण?"

खरी बाळंतीण बंगलोरला होती. माझी लेक. आषाढ लागला होता, तिचे दिवस भरत आले होते, आणि तिचा डॉक्टर, नोकरी, नवरा सगळं तिकडे असल्यामुळे ती माहेरी येणार नव्हती, मी जाणार होते. अकोल्याला माझ्या फ्लॅटची पार्किंग उघड्यावर आहे. तिथल्या उन्हात स्टीअरिंगला हात लावायची सोय नसते आणि पावसाळ्यात खालून पाणी येतं. दादाने त्याची गाडी केव्हाच विकली होती, त्याचं पोर्च रिकामं होतं. म्हणून अकोल्याहून गाडी इथे आणून सोडली.

मी शाळेत भूगोल शिकवला. जन्मभर मुलांना नकाशे शिकवले आणि जन्मभर मिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसले. ते गेले, मी निवृत्त झाले आणि मग गाडी शिकले. आमच्याकडे या वयात बाया पोथी लावतात, मी क्लच-ब्रेकच्या मागे लागले. पहिल्यांदा एकटीने अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा दादाने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "त्या रोडनं ट्रकवाले कोनाले पाहात नाई. तुले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" एवढंच म्हणाला होता. पुढे मी येत राहिले आणि तो दर वेळी तेच म्हणत राहिला.

तेव्हा चावी त्याच्या हातात देताना मला जी धाकधूक होती ती नुसती गाडीची नव्हती. मला पक्कं ठाऊक होतं, गाडीला काही झालं की दादा म्हणणार, विक. लेक म्हणणार, विकून टाक आणि इथेच राहा. आणि गाडी एकदा गेली की या वयात दुसरी कोण घेऊ देतो? मग मी बंगलोरच्या उंच इमारतीत कुणाची तरी आजी म्हणून राहणार, कुणी नेईल तिथे जाणार आणि आणून सोडलं की परत येणार. मला नातवंड हवं होतं. पण असं नको होतं.

"दादा, नुसती जागेवर चालू करून बंद करायची नाही," मी बजावलं. "त्यानं बॅटरी भरत नाही, उलट उतरते. दर रविवारी वलगावपर्यंत न्यायची आणि आणायची."

"आणि तिले जेवू काय घालू?" दादा म्हणाला. पण चावी त्याने खिशात ठेवली.

श्रावणात नातू झाला. घर भरलं, दिवस कसे जात होते कळत नव्हतं, आणि तरी मला चैन नव्हती. बाळाला खांद्यावर घेऊन मी लिफ्टने खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये जाई. तिथे कितीतरी गाड्या धूळ खात उभ्या होत्या. कुणाचं चाक बसलेलं, कुणाच्या काचेवर पोरांनी बोटांनी चेहरे काढलेले. मालक परदेशी गेले असतील. मी त्या गाड्यांमधून फिरत राही आणि बसलेल्या चाकापाशी आले की पाय थांबत. वॉचमनला संशय आला. त्याने जावयाला विचारलं, की तुमच्या सासूबाईंचं काही हरवलंय का.

जावई भला माणूस. त्याची गाडी बिनगिअरची, आपोआप चालणारी. मी एकदा म्हणून पाहिलं, रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, मी जरा चालवू का? तो म्हणाला, "आई, तुम्ही मागे आरामात बसा ना, बाळाला घेऊन." मी मागे बसले. त्यानंतर मागेच बसत राहिले.

दर रविवारी दादाला फोन. आधी आधी बातम्या चांगल्या होत्या. गाडी वलगावला जात होती आणि येताना वांगी, सांभाराच्या जुड्या, पालक घेऊन येत होती. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्या गाडीच्या पायी आमच्या घरी ताजं खाऊन राहिलो बाप्पा." मला बरं वाटे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटे, हवा पाहिली असेल का? पाऊस झाल्यावर कव्हर काढून वाळवलं असेल का? ओलं कव्हर तसंच राहिलं तर रंगाला फोड येतात. मी मेसेज टाके. दादा उत्तर देई, "हो." वकील माणूस कागदावर जास्त शब्द देत नाही.

दसऱ्याला दादाने फोटो पाठवला. गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, टोकाला आपट्याची पानं, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. खाली लिहिलं होतं, "पूजा झाली." मी तो फोटो लेकीला, जावयाला, खालच्या वॉचमनलासुद्धा दाखवला.

त्यानंतर बातम्या आटल्या. कधी वहिनींचे गुडघे, कधी घरी पाहुणे, कधी वलगावच्या रस्त्याचं काम निघालेलं. व्हिडिओ कॉल लावला तर, "नेट नाई चालून राहिलं." दिवाळी गेली, थंडी पडली, आणि मला रात्रंदिवस एकच घोर लागला. शेवटी एका रविवारी मी हट्टच धरला. म्हटलं, नेट नसू दे, साधा फोन तर चालतो. गाडी सुरू कर, फोन बॉनेटवर ठेव, मला आवाज ऐकू दे.

"आत्ता?"

"आत्ता."

बराच वेळ चपलांचा आवाज आला, फाटक वाजलं. मग इंजिन सुरू झालं. खडखड, खडखड, घशात खडे घातल्यासारखा आवाज. माझी गाडी सुरू होताना बारीक खाकरते आणि गप्प होते. इतकी गप्प, की मी सुरुवातीला सुरू गाडीलाच पुन्हा चावी मारायची.

"दादा, ही डिझेल गाडी आहे."

पलीकडे नुसती खडखड.

"कोणाची आहे?"

"शेजाऱ्याची," दादा म्हणाला. ज्याने आयुष्यभर साक्षीदारांच्या थापा पकडल्या त्याला थाप मारणं काही जमलं नव्हतं. इंजिन बंद झालं. मग म्हणाला, "तुयी बंद पडली. दिवाळीपासून चालूच नाई होत. आता काय सांगू तुले? एक तिवस्याचा मानूस मागून राहिला, जशी हाय तशी घेऊन जातो म्हनते. देऊन टाक. तसंही तू आता तिकडंच रायशीन."

मी फोन ठेवला. लेकीने सगळं ऐकलं होतं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "बरंच झालं ना आई. तिथे एकटी कशाला राहतेस? बाळाला तुझी सवय झालीय. गुढीपाडव्यापर्यंत तर आहेसच, मग राहूनच जा." ती वाईट बोलत नव्हती. तिला खरंच मी हवी होते, तिची नोकरी पुन्हा सुरू झाली होती. दोन दिवस मी कामं केली, बाळाला अंघोळ घातली, लोणी कढवलं, आणि तिसऱ्या दिवशी जावयाला म्हणाले, मला तिकीट काढून द्या.

"गाडीसाठी चाललीस तू?" लेकीने विचारलं. "आम्हाला असं टाकून? एका जुन्या गाडीसाठी?"

खरं उत्तर लांबलचक होतं आणि मला ते नीट मांडता आलं नसतं. म्हणून मी रागाने "हो" म्हणाले. स्टेशनवर सोडायला जावई एकटाच आला.

अमरावतीला पोचले तेव्हा दादा घरात नव्हता, मुद्दामच नव्हता. वहिनींनी दार उघडलं आणि माझी पिशवी घेण्याआधी म्हणाल्या, "ताई, मी म्हनलं होतं ह्यायले, गूळ नका ठेवू. पन वकिलासमोर कोनाची चालते?"

कसला गूळ, ते बॉनेट उघडल्यावर कळलं. आमच्या घरची जुनी रीत आहे, वाहनाच्या पूजेचा प्रसाद वाहनाजवळच राहू द्यायचा, कोजागरीपर्यंत हलवायचा नाही. आमचे वडील सायकलने कोर्टात जायचे. दसऱ्याला खोबऱ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा सायकलच्या पिशवीत ठेवायचे, आणि पाच दिवस सायकल तो प्रसाद घेऊन गावभर हिंडायची. दादाने विचार केला, मोटारीत खरं वाहन म्हणजे इंजिन, बाकी नुसता डबा. म्हणून त्याने बॉनेट उघडून इंजिनाची पूजा केली, बॅटरीशेजारी नारळाची अर्धी वाटी आणि गूळ ठेवला, बॉनेट लावलं, वरून कव्हर घातलं. प्रसाद हलवायचा नाही म्हणून गाडीही हलवली नाही. कोजागरी झाली आणि प्रसाद आत आहे हे तो साफ विसरला.

आत उंदरांनी संसार थाटला होता. झेंडूच्या पाकळ्या, समईच्या वाती, बॉनेटच्या आतलं कुरतडलेलं अस्तर, सगळं गोळा करून ऐसपैस घर केलेलं. वायरी दातांनी सोलून ठेवलेल्या. करवंटी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

तेवढ्यात दादा फाटकातून आत आला.

"तंबाखूच्या पुड्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"काढल्या मी."

"काहून?"

"देवाजवळ तंबाखू ठेवते का कोनी?"

मला फार संताप आला. आणि त्याच वेळी दिसत होतं की हा माणूस माझ्या गाडीवर खार खाऊन असा वागला नव्हता. त्याने तिची मनापासून पूजा केली होती. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्याने. तिवस्याच्या माणसाला मी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. वायरिंगवाला येऊन आख्खी वायरिंग बदलून गेला, नवी बॅटरी बसली, आणि गाडी खाकरली, गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला निघाले. विटा काढल्या, आत बसले, आरसा बसवला, क्लच दाबला आणि माझा डावा पाय थरथरायला लागला. क्लच सोडला, गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. फाटकाच्या खांबाला आरसा घासला. इतके महिने मी बॅटरीची काळजी केली, रबराची केली, रंगाची केली, आणि स्वतः मात्र मागच्या सीटवर बसून राहिले होते. वाटलं, दादा आता येईल, खिडकीतून हात घालेल आणि म्हणेल, दे चावी.

दादा आला. त्याने फाटक पूर्ण उघडलं, घरात गेला, स्वेटर-बूट घालून परत आला आणि डावीकडचं दार उघडून शेजारी बसला.

"तू काहून बसला?"

"मले अकोल्याले काम हाय."

त्याला अकोल्याला काडीचं काम नव्हतं. बडनेऱ्यापर्यंत तो समोर पाहत, एका हाताने खिडकीवरचा दांडा धरून बसला आणि जिथे जिथे त्याला ब्रेक हवासा वाटला तिथे त्याने बुटाने गाडीचा तळ दाबला. मी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये टाकली. आयुष्यात पहिल्यांदा दादा इतका वेळ गप्प बसलेला मी पाहिला. हळूहळू पाय थांबला. हाताला रस्ता ओळखू यायला लागला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे फोन वाजला. समोरच्या कप्प्यात ठेवला होता, नाव दिसलं, लेकीचं. मी निघाल्यापासून तिने स्वतः एकदाही फोन केला नव्हता. माझा हात आपोआप स्टीअरिंगवरून सुटला. पुढे कापसाचा ट्रक होता, मागून बस रेटत होती. दादाने फोन उचलला.

"हं, मी मामा बोलून राहिलो. आई? तुयी आई गाडी चालवून राहिली. नाई, मी नाई, मी बाजूले बसलो. तीच चालवून राहिली." मग बराच वेळ तो ऐकत होता. "चालू हाय ना गाडी, मंग कायले विकते? पोचल्यावर करते ती फोन." त्याने फोन स्वतःच्या खिशात ठेवला.

"पोराले दात आला म्हने," तो म्हणाला.

तो दात मी पाहिला नव्हता, आणि पहिला दात पुन्हा येत नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण गाडी बाजूला घ्यावीशी वाटली नाही. ट्रकच्या पुढचा रस्ता मोकळा दिसला तसा मी इंडिकेटर दिला आणि हॉर्न वाजवला. दादाने तळ दाबला आणि मी ॲक्सिलरेटर.