दाजींना वाढलेली भुतं

आमच्या दाजींचा भुतांवर विश्वास नव्हता. हे ते आल्या आल्या सांगत, चहाच्याही आधी. जंगलखात्यात नोकरी, गुंजीजवळ रानात बिऱ्हाड आणि बेळगावात झालेलं इंग्रजी शिक्षण. तेव्हा भ्यायचंच तर भुतांनी त्यांना भ्यावं, असा त्यांचा रुबाब होता.

भुतांना भिण्याच्या कामावर त्यांनी आमच्या आक्काला नेमलं होतं. ते फिरतीवर गेले की चार-चार दिवस ती त्या घरात एकटी. लग्नाला सहा महिने होईतो ती वाळून निम्मी झाली. आमच्या विधवा आत्याला सोबतीला पाठवा, एवढंच तिचं मागणं. दाजी म्हणाले, शिकलेल्या माणसाच्या घरी भुतांसाठी पहारा बसवला तर साहेब काय म्हणेल? गोऱ्या साहेबाला आमच्या आत्येवाचून दुसरा विचारच नसणार!

पहिल्या दिवाळसणाला दाजी आक्काला घेऊन निपाणीला आमच्याकडे आले. जावयाची थट्टा करायची रीतच आहे. कुणी लाडवात मीठ घालतं, कुणी पुरीत फडकं तळतं. मी ठरवलं, यांना पाडव्याला भुतंच वाढायची. चार माणसांत एकदा घाबरले की आप्पा आत्याचा विषय काढतील, असा माझा डाव होता. सणासुदीला असलं अभद्र नको म्हणून आईने डोक्याला हात लावला आणि मग स्वतःच चकलीच्या पिठाची बोटं वळायला बसली.

बोटांना खोबऱ्याच्या कापांची नखं लावली. गुळाच्या पाकात शेवया घोळून हडळीची वेणी घातली. पातळ घडीचा गोड मांडा हा तिचा पदर. दाजींनी सगळं मिटक्या मारत खाल्लं, वेणीवर तूप मागून घेतलं आणि भूत म्हणजे मनाची दुर्बलता यावर व्याख्यान दिलं. मी मनात चरफडले.

मग मी शेवटचा पदार्थ आणला. द्रोणात दहीभाताची मूद, वर कुंकवाच्या जागी संकेश्वरी मिरचीचं तिखट, काजळाच्या जागी कारळ्याची चटणी, बाजूला अर्धं लिंबू. दृष्ट काढून तीन वाटांच्या तिकाटण्यावर ठेवतात तो उतारा, अगदी हुबेहूब. तो मी परसदाराच्या उंबऱ्यावर ठेवला. हात धुवायला जायची वाट तीच.

दाजी उठले, उंबऱ्याशी आले आणि थांबले. उतारा ओलांडला की बाधा ओलांडणाऱ्याला लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोट जड झालंय, जरा बसतो, असं म्हणून ते पाटावर परतले. उष्टा हात वाळून पांढरा झाला तरी पोट काही हलकं होईना.

मी जिंकले होते. आता फक्त द्रोण उचलायचा राहिला होता. आईला अचानक चूल आठवली. आप्पा अडकित्ता शोधू लागले. आणि जिने आपल्या हाताने ते तिखट भुरभुरलं होतं ती मी दोन पावलांवर थिजले. हात पुढे जाईना. त्याची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात आक्का आली. उंबऱ्यावर बसली, द्रोण मांडीवर घेतला आणि खाऊ लागली. मीठ कमी पडलंय म्हणाली.

दाजींना लगेच कंठ फुटला. "बघा, हिला कुठं भीती वाटते? मग सोबत कशाला हवी?"

आक्काने घास गिळला. "भुताचं भ्या मला कवाच न्हवतं," ती म्हणाली. "भूत जरी आलं असतं तरी बसवून घेतलं असतं. चार-चार दिस बोलायला कोन नसतंय."

आक्का जरा बाजूला सरकली, दाजी खाली मान घालून हात धुवायला गेले.

भाऊबीज झाल्यावर आम्ही बेळगावला त्यांना गाडीत बसवून दिलं. आत्याची ट्रंक दाजींनी स्वतः चढवली. साहेबाला मात्र त्यांनी सांगितलं, बायको भुतांना फार भिते, म्हणून आत्याबाईंना आणावं लागलं.