रशीदभाऊंची स्वतःवरची बंदी

रशीदभाऊंची आणि माझी पहिली भेट आरोपी म्हणून झाली. आरोपी मी होतो.

बदली होऊन मी वरोऱ्याच्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि ईमेल पाहायला त्यांच्या सायबर कॅफेत गेलो होतो. भाऊंनी गावासाठी एक प्रश्नोत्तरांची वेबसाइट काढली होती. कोणीही प्रश्न विचारावा, कोणीही उत्तर द्यावं, बाकीच्यांनी वरचं किंवा खालचं मत द्यावं. ज्याला मतं जास्त ते उत्तर सगळ्यात वर. 'डास झोपू देत नाहीत, काय करावं?' या प्रश्नाला कोणीतरी 'जागं राहावं' असं उत्तर दिलं होतं. मी हसून खालचा बाण दाबला. पाठीमागून आवाज आला, "गुरुजी, बाहीर या. बाकड्यावर."

कोण काय दाबतो ते भाऊंच्या संगणकावर दिसत असे. बाहेरच्या बाकड्यावर उत्तर देणारा पानठेलेवाला आधीच आणून बसवला होता. "आता याच्या समोर सांगा, काऊन पाडलं?" भाऊ म्हणाले. "मागून मारू नका. तोंडानं सांगा." मी घाबरत सांगितलं की जाग्या माणसालाही डास चावतात. पानठेलेवाल्यानं विचार केला आणि म्हणाला, "हे बरोबर हाय." भाऊंनी माझं मत मंजूर केलं आणि दोघांना चहा पाजला.

भाऊ मूळचे घड्याळजी. दुकान मोडून कॅफे काढला तरी घड्याळ दुरुस्तीचं भिंग त्यांच्या कपाळावर कायम चढवलेलं असे. कोणी शिवीगाळ केली की ते भिंग डोळ्याला लावून ते उत्तर वाचत, मग उडवून टाकत आणि लिहीत, 'आपले उत्तर उडविण्यात आले आहे. राग मानू नये.' शेवटी राग मानला की नाही हे पाहायला त्याच्या घरी जात. भद्रावतीच्या वसाहतीतला एक बाबू तर खालच्या मताचं कारण सांगायला एसटीनं आला आणि परतीची गाडी चुकली म्हणून भाऊंकडेच जेवून झोपला.

या न्यायाला एक भोक होतं, ते मात्र कोणाला दिसलं नाही. खोकला असो, विहीर असो, नोकरीची मुलाखत असो, सगळ्यात वर उत्तर भाऊंचंच. त्यांच्याच बाकड्यावर बसून, त्यांचाच चहा पिऊन, त्यांच्याच तोंडावर 'भाऊ, तुमचं चुकलं' म्हणायला कोणाची जीभ रेटणार? भाऊ मात्र मान खाली घालून म्हणत, "लोकायनं मत देलं, मी काय करू?"

मग एक दिवस गजानन आला. जवळच्या खेड्यातला हा सोयाबीनवाला बाजाराच्या दिवशी भाऊंकडून प्रश्न टाइप करून घेत असे. बायको रुसून माहेरी गेली, काय करावं, असं त्यानं पावसाळ्यात विचारलं होतं. भाऊंचं उत्तर होतं, 'आणायला जाऊ नये. आपोआप येते.' त्याला मतांचा नुसता ढीग.

"भाऊ, सारे होय म्हणून राह्यले होते, म्हणून मी गेलो नाई," गजानन म्हणाला. "पोळा गेला, दिवाळी गेली. आता तिचा भाऊ म्हणते, सोडचिठ्ठी दे."

भाऊंनी कपाळावरचं भिंग काढून ठेवलं. ते काढलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी जुनी मतं पुसली, उत्तरांवरची नावं झाकली आणि जाहीर केलं, "नाव नाई, बाकडं नाई. आता द्या मत." पुढच्या बाजारापर्यंत त्यांचं उत्तर असं बुडालं की ते शोधायला माऊस फिरवत बसावं लागे.

खालचं पहिलं मत कॅफेतूनच गेलं होतं. झेरॉक्सचं मशीन सांभाळणाऱ्या नसीमभाभी, म्हणजे भाऊंची बायको, पुढे येऊन म्हणाल्या, "मीनं देलं. नाव झाकलं तरी तुमचं हाय हे समजलंच मले. मी माहेरी गेली होती तवा तुम्ही कुठी आले होते आणाले? मीच आली आपोआप. तिकीटबी माह्यंच."

भाऊंनी स्वतःचं उत्तर उडवलं. स्वतःला 'राग मानू नये' लिहिलं. मग उत्तर देणाऱ्या रशीदवर त्यांनी कायमची बंदी घातली. साइट चालवणारा रशीद तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून त्यांनी बंदी उठवण्याचा अर्ज केला, उठून मालकाच्या खुर्चीत बसले, भिंग लावून तो वाचला आणि फेटाळला. कारण समाधानकारक नव्हतं म्हणे. मी म्हटलं, भाऊ, सगळं तुमच्याच हातात आहे. ते म्हणाले, "चाबी खिशात हाय म्हणून माणूस दुसऱ्याच्या घरात घुसते का?"

नंतर ते गजाननला घेऊन त्याच्या सासरी, जिवतीकडच्या डोंगरात गेले. मलाही ओढलं. गजाननची बायको सुनंदा दारातच उभी राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "एवढ्या लोकायनं मत देलं म्हणता. मले कोणी इचारलं?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी हात जोडले. "माह्यावर उत्तर द्याची बंदी हाय, बाई." मग गजाननला पुढे ढकललं. "तू बोल. तोंडानं."

गजानन जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी कवाच याले पायजे होतं. चुकलो." सुनंदा आत गेली. आम्ही अंगणात ताटकळत राहिलो, कोंबड्या आमच्याकडे पाहत राहिल्या. शेवटी ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि गजाननच्या हातात देऊन पुढे चालू लागली.

सुनंदा नांदायला आली तरी भाऊंची बंदी उठली नाही. लोक त्यांना प्रश्न विचारत, तेव्हा ते खुर्ची दुसऱ्याकडे सरकवत. काही वर्षांनी भाऊ वारले. साइटवर तोवर कोणी फारसं फिरकत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा भाभींनी संगणक सुरू केला, कुठं दाबायचं ते मला विचारलं आणि रशीदभाऊंवरची बंदी उठवली.

मी काही विचारलं नाही. पण नियम तो नियम. भाभी मला बाहेर बाकड्यावर घेऊन आल्या, बसल्या आणि कारण तोंडानं सांगितलं.

"आपोआप कोणीच येत नाई, गुरुजी. आणाले जावं लागते."